ऐरोलीची फ्लेमिंगो फेरी, येऊरचा शनिवार, पांडवकड्याची बंदी: किती माणसं येऊ द्यायची हे कशावरून ठरवायचं?

पाणथळ (धागाकर्ता)

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं. क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर, त्यात निम्म्याहून थोडं जास्त कांदळवन, उरलेलं पाणी आणि चिखल. २०२२ मध्ये ही खाडी रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत) गेली. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून बोटफेऱ्या सुटतात. तिकडे ठाण्याच्या येऊर डोंगरावर शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते आणि खारघरचा पांडवकडा धबधबा दर पावसाळ्यात बंद होतो.

पर्यटन हवं की नको, हा वाद इथे नको. बोटवाला, गाइड, पाड्यावर भाजी विकणारी बाई, कणीस भाजणारा, या सगळ्यांचं पोट त्यावर आहे. प्रश्न एवढाच की एका जागी एका दिवसात किती माणसं झेपतात, हे कोणी आणि कशावरून ठरवायचं. ‘गर्दी फार झाली’ हे सगळेच म्हणतात. ज्यांना एखाद्या जागेची नीट माहिती आहे त्यांनी मोजमापासकट लिहावं.

सुकती

बोटीपासून सुरुवात करतो. इथली मर्यादा भरती-ओहोटी ठरवते. बोटीतल्या खुर्च्या किंवा तिकीटखिडकीची वेळ नंतर येते.

भरती पूर्ण असते तेव्हा चिखल पाण्याखाली जातो आणि पक्षी खाडीतून उठून नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळींवर किंवा भांडुपच्या बाजूला जाऊन बसतात. ओहोटी पूर्ण झाली की पक्षी चिखलावर भरपूर, पण बोट रुतते. उपयोगाची वेळ मधली. पाणी उतरायला लागल्यावर दीड तासाच्या आसपास चिखलाच्या कडा उघड्या पडतात, पक्षी उतरतात आणि बोटीखाली अजून पाणी असतं. हा काळ जेमतेम दोन तासांचा.

कोळीवाड्यातला जुना हिशोब असा, तिथीचा पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, पौर्णिमेला पंधराचे सव्वाअकरा. ठाण्याच्या खाडीत आत पाणी पोचायला आणखी तासभर धरा. म्हणजे अष्टमीला सातच्या सुमारास भरती आणि साडेआठ ते साडेदहा फेरीची वेळ. हा उत्तम दिवस. पौर्णिमेला भरती सव्वाबाराला, फेरी दोन ते चार, भर उन्हात. चतुर्थीला भरती पहाटे चारला आणि पुन्हा दुपारी साडेचारच्या आसपास, त्यामुळे एक वेळ उजाडताना येते आणि दुसरी काळोखात जाते. प्रत्यक्ष आखणीसाठी भरतीचं छापील कोष्टकच वापरायचं. पाऊणपट फक्त अंदाजाला.

चूक होते ती इथे. रविवारी मागणी असते म्हणून रविवारी फेऱ्या वाढवल्या जातात, आणि रविवारी चतुर्थी असली तर पक्षी नसतात. लोक पैसे भरून आलेले, मग ‘आणखी आत घ्या, आणखी जवळ घ्या’ असा धोशा सुरू होतो. भरतीचं कोष्टक वर्षभर आधी मिळतं. त्यावरून महिन्याचे चांगले दिवस काढून फक्त तेवढ्याच दिवसांचं आरक्षण उघडलं तर निम्मी कटकट धक्क्यावर येण्याआधीच संपते.

जवळ किती जायचं हे पक्षी सांगतात. चरताना रोहिताची (फ्लेमिंगोची) मान खाली आणि चोच उलटी पाण्यात असते. थव्यातल्या बऱ्याच माना वर आल्या की इंजिन मंद करायचं. सगळे एकाच दिशेने चालायला लागले की थांबायचं. उडाले, तर बोट आधीच फार जवळ गेली होती. एप्रिल-मेमध्ये याला जास्त महत्त्व आहे, कारण परतीच्या प्रवासाआधी अंगावर चरबी चढवण्याचे हे दिवस. त्या वेळी दर फेरीला थवा उठवला तर चरण्याचा वेळ जातो आणि उडण्यात ताकदही जाते, असा दुहेरी तोटा होतो. ड्रोनमुळेही हेच होतं आणि अभयारण्यात परवानगीशिवाय ड्रोन उडवायचाच नाही.

हिशोबाची वही

सुकती यांच्या माहितीला आकड्यांची चौकट देतो. वहनक्षमता, म्हणजे एका जागी किती माणसं झेपतात ते, काढायची रीत १९९२ मध्ये मिगेल सिफुएन्तेस यांनी कोस्टा रिकात मांडली, आणि ती अजूनही जगभर वापरतात. तीन पायऱ्या आहेत. पहिली, जागेत मावतात किती. दुसरी, ऊन, पाऊस, धूप, प्राण्यांच्या वेळा यांची वजावट करून उरतात किती. तिसरी, आपल्याकडे माणसं आणि सोयी आहेत त्यात सांभाळता येतात किती. शेवटचा आकडा सगळ्यात लहान असतो आणि चालवायचा तोच.

जंगलातल्या १,२०० मीटरच्या पायवाटेचं उदाहरण घ्या. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. दहा जणांचा गट, गटाची लांबी १० मीटर, दोन गटांत १०० मीटर अंतर. एका वेळी वाटेवर १० गट, म्हणजे १०० माणसं. फेरीला दीड तास, वाट साडेचार तास उघडी, म्हणजे तीन पाळ्या आणि ३०० माणसं. इथेच थांबून लोक ‘क्षमता ३००’ असा बोर्ड लावतात.

आता वजावट. पहिली पाळी पहाटे जनावरं पाण्यावर येण्याच्या वेळेत पडत असेल तर ती गेली, उरले २००. आता गाइड. सहाच गाइड आहेत आणि एक गाइड दिवसाला नीट दोनच फेऱ्या करू शकतो. तिसऱ्या फेरीत बोलणं संपतं आणि लक्षही. ६ × २ × १० = १२०. खरी क्षमता १२०. ती वाढवायची तर आणखी स्थानिक गाइड तयार करा, वाट रुंद करू नका. क्षमता वाढते तेव्हा रोजगारही वाढतो, असा मार्ग याच पायरीवर सापडतो.

बोटीचंही तसंच. दोन तासांचा काळ, तासाची फेरी, म्हणजे एका बोटीच्या दोन फेऱ्या. एका पट्ट्यात एका वेळी दोनच बोटी आणि बोटीत २० माणसं धरली तर ८०. मोठी बोट आणून हा आकडा वाढवू नये. बोट मोठी झाली की तिला पाणी जास्त लागतं आणि दोन तासांचे सव्वा तास होतात.

दर्याकाठ

वरचं सगळं पटतंय, पण त्यात खाडीत आधीपासून कामाला असलेला माणूस दिसत नाही. दिवाळे, सारसोळे, करावे, घणसोली, ऐरोली, पलीकडे ठाण्याचं चेंदणी. इथली माणसं पाग टाकतात, भोकशीची जाळी लावतात, चिखलात उतरून चिंबोऱ्या, निवट्या, खुबे काढतात. पर्यटकांच्या बोटीची वाट आणि जाळ्याची जागा एकच असते, कारण दोघांनाही खोल पाण्याचा तोच चर लागतो. वेगाने गेलेल्या बोटीची लाट जाळ्याचे खुंटे हलवते आणि कांदळवनाच्या कडेची नवीन रोपं चिखलासकट उपटते. उपाय साधा आहे. हंगामाच्या सुरुवातीला गावाच्या मच्छीमार सोसायटीबरोबर बसून चराचा नकाशा काढा, जाळ्यांच्या जागांवर रंगीत बोये बांधा आणि तिथून इंजिन मंद ठेवून जायचं हे बोटीच्या परवान्यात लिहा.

दुसरा मुद्दा पैशाचा. ‘मासेमारी कमी झाली तरी पर्यटनावर भागेल’ असं सर्रास सांगितलं जातं. महिने बघा. फ्लेमिंगोचा हंगाम ढोबळमानाने नोव्हेंबर ते मे. यांत्रिक नौकांची मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै. ज्या दोन महिन्यांत घरात पैसा येत नाही, नेमक्या त्याच महिन्यांत पक्षीही नसतात. पर्यटन पावसाळ्याचा खड्डा भरत नाही. म्हणून हंगामात जमलेल्या पैशातला ठरावीक भाग बाजूला ठेवून जून-जुलैत बोटवाल्यांना कांदळवनातला कचरा काढणं, रोपवाटिका, बोटींची डागडुजी यांची रोजंदारी द्यायला हवी. ही तरतूद नसेल तर पर्यटनाने उपजीविका दिली असं म्हणू नये.

तिसरा मुद्दा सगळ्यात जास्त नुकसान करतो, तो म्हणजे डोक्यामागे पैसे. बोटवाल्याला माणशी पैसे मिळाले की तो बोट भरेपर्यंत थांबतो, तोवर पाणी उतरतं, मग वेळ भरून काढायला वेगाने नेतो. बक्षिशी मिळते फोटो जवळून मिळाला तर, मग तो जवळ नेतो. माणूस वाईट नसतो, त्याला पैसे देण्याची रीत वाईट असते. फेरीमागे ठरलेली रक्कम द्या, बोट अर्धी भरली तरी पूर्ण. आणि थवा न उठवता फेरी झाल्याची नोंद गाइडने केली तर महिन्याअखेर वर थोडी रक्कम.

पाणथळ

दर्याकाठ, महिन्यांचा मुद्दा धाग्याच्या सुरुवातीलाच यायला हवा होता.

पूरक माहिती एक. या खाडीत एवढे रोहित येणं ही १९९० च्या दशकापासूनची गोष्ट. खाडीत येणारं सांडपाणी आणि त्यावर वाढलेलं शेवाळ यांच्याशी अभ्यासक त्याचा संबंध जोडतात. म्हणजे पक्षी दिसतात म्हणून खाडी निरोगी, असं पर्यटकाला सांगणं चूक. टीटीसीच्या (ठाणे-बेलापूरच्या) औद्योगिक पट्ट्याचं पाणी आणि दोन्ही काठांच्या शहरांचं मैलापाणी याच खाडीत येतं.

आणि भरतीच्या वेळी पक्षी जिथे विसावतात त्या पाणथळी अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. २०२४ च्या उन्हाळ्यात नेरुळच्या डीपीएस तलावावर फ्लेमिंगो मेलेले सापडले आणि भरतीचं पाणी आत येण्याचे मार्ग बुजल्याची तक्रार गाजली. त्याच मे महिन्यात घाटकोपरला विमानाची धडक बसून तीसहून जास्त फ्लेमिंगो मेले. बोटीचं तिकीट घेणारा अभयारण्याचे पैसे देतो, पण पक्ष्याचा अर्धा दिवस जिथे जातो त्या तलावाचं गेट साफ करायला त्यातून एक रुपया जात नाही.

येऊरवाट

आता डोंगराकडे. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या ठाण्याकडच्या अंगाला. उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटर, त्याभोवतीचं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र २०१६ मध्ये अधिसूचित झालं. आत आदिवासी पाडे, बंगले, हॉटेलं, टर्फ (भाड्याने मिळणारी खेळाची मैदानं). चर्चा नेहमी बिबट्याची होते. मी दोन दुर्लक्षित गोष्टी लिहितो, मैला आणि आवाज.

मैला. डोंगरावर गटार नाही, प्रत्येकाची सेप्टिक टाकी. पाच माणसांच्या घराची टाकी साधारण दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद, मीटरभर खोल, म्हणजे सुमारे १,१०० लिटर. पाच माणसं दिवसाला १३५ लिटरप्रमाणे ६७५ लिटर पाणी सोडतात. पाणी टाकीत दीड दिवसाहून जास्त राहतं, गाळ खाली बसतो, वरचं पाणी शोषखड्ड्यात जातं. आता तोच बंगला शनिवारी पार्टीला दिला. साठ माणसं, प्रत्येकी ४५ लिटर धरलं तरी २,७०० लिटर. टाकीत पाणी दहा तासही थांबत नाही. गाळ बसायच्या आत ढवळून शोषखड्ड्यात जातो, खड्ड्याची छिद्रं बुजतात आणि मग पाणी वर येऊन उतारावरून ओढ्यात जातं. सोमवारी बंगला रिकामा, त्यामुळे मालकाला काही दिसत नाही. वास आणि जुलाब येतात ते खालच्या पाड्याच्या वाट्याला.

शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर हवा, असं मानक सांगतं. कातळातल्या फटींतून पाणी त्याहून लांब जातं, म्हणून इथे ते अंतरही पुरेसं समजू नये. बंगला भाड्याने द्यायची परवानगी देताना खोल्या मोजण्याऐवजी टाकीची मापं घ्या आणि पाहुण्यांचा आकडा त्यावरून लिहा. टाकी उपसल्याची पावती वर्षातून एकदा मागा. हे काम मापपट्टी आणि काठी घेऊन एका दुपारी होतं. काठीच्या टोकाला पांढरं फडकं गुंडाळून तळापर्यंत घालायची. फडक्यावर काळा गाळ जिथपर्यंत लागतो ते पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांशाच्या वर असेल तर टाकी उपसायला झालेली आहे.

आवाज. ध्वनिप्रदूषण नियम २००० चे. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात ४०. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. स्पीकरपासून एक मीटरवर ९५ असेल तर ६४ मीटरवर ५९, २५६ मीटरवर ४७. पंचेचाळीसच्या खाली यायला तीनशे मीटरच्या वर अंतर लागतं. पाडे त्याहून जवळ आहेत, आणि दरीत समोरच्या उतारावरून आवाज परत येतो तो वेगळाच. म्हणून ‘आवाज थोडा कमी ठेवा’ या सूचनेला अर्थ नाही. बाहेर स्पीकरच नको.

कुर्डू

येऊरवाट, टर्फ आणि हॉटेलांवर पाड्यातली पोरं कामाला आहेत. ती बंद केली तर त्यांनी खाली शहरात वॉचमनचीच नोकरी शोधायची का?

येऊरवाट

रास्त प्रश्न. बंद करा असं मी म्हणत नाही. दिवे आणि स्पीकर रात्री बंद झाले तरी स्वयंपाक, साफसफाई, बागकाम यांची कामं दिवसा राहतात. पण त्या कामांत पाड्याच्या हातात मजुरीच येते, मालकी नाही. पावसाळ्याच्या तोंडाला बायका रस्त्याकडेला शेवळं, टाकळा, कुर्डू या रानभाज्या, त्याआधी करवंदं-जांभळं घेऊन बसतात, ती त्यांची स्वतःची विक्री. त्यांना छपराची आणि बसायची पक्की जागा, पाण्याचा नळ आणि बायकांसाठी संडास एवढं मिळालं तर त्याचा फायदा थेट त्यांच्या हातात पडतो.

त्यालाही मर्यादा लागते. शेवळाचा कोंब म्हणजे त्याचा फुलोरा. तो सगळा खुडला तर कंद जगतो पण बी पडत नाही, नवी झाडं येत नाहीत. शहरात मागणी वाढली की आधी जवळचे ताटवे ओरबाडले जातात. दर ताटव्यात काही कोंब राखायचे हे पाड्यातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे. विकत घेणाऱ्याने ढीगभर मागू नये. आणि सोबत काकडं (शेवळाबरोबर शिजवायची आंबट फळं) मागून घ्यावीत, नाहीतर घसा खाजेल.

पागोळी

पांडवकड्याबद्दल. जमावबंदीचा आदेश पूर्वी कलम १४४ खाली निघायचा, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. बंदी आवश्यक आहे, पण ती का, हे फलकावर कोणी लिहीत नाही. ‘धोका’ या शब्दाने वीस वर्षांचं पोरगं थांबत नाही.

कारणं अशी. धबधब्याचं पाणी खारघरच्या डोंगरमाथ्यावरून येतं. खाली ऊन असताना माथ्यावर सर पडली की काही मिनिटांत ओढा फुगतो आणि परतीची वाट, जी येताना घोट्याएवढ्या पाण्यातून होती, ती तुटते. अडकलेले लोक बहुतेक असेच अडकतात. डोहात वरून पडणाऱ्या पाण्याचा भोवरा पोहणाऱ्यालाही खाली दाबतो. कातळावरच्या शेवाळावर बूट तर सोडाच, अनवाणी पायही टिकत नाही. शिवाय कड्यावरून दगड सुटतात.

नुसत्या बंदीने लोक पोलीस नसलेल्या वाटेने, आणखी वाईट जागी चढतात, आणि पायथ्याच्या कणीस-चहावाल्यांचा हंगाम जातो. मधला रस्ता आहे. डोहापासून लांब, ओढा ओलांडावा न लागणाऱ्या जागी कठड्यासकट बघायची गच्ची. माथ्यावर पर्जन्यमापक आणि खाली भोंगा, ठरलेल्या पावसाला भोंगा वाजला की गच्चीही रिकामी. टपऱ्या वाहनतळाजवळ, परवान्याने, आधीच्याच विक्रेत्यांना. डोहाकडची बंदी तशीच राहू दे, तिथे तडजोड नको.

नाक्यावरचा

सगळं ठीक, पण आकडा ठरवला की तिकीट महाग होणार आणि गरीब माणसाने निसर्ग बघायचाच नाही. कळव्या-दिघ्याच्या चाळीतलं कुटुंब काय करणार?

हिशोबाची वही

आकडा आणि किंमत वेगळ्या ठेवता येतात. कास पठारावर दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा आणि आगाऊ नोंदणी आहे, शुल्क गावांच्या वन व्यवस्थापन समित्यांकडे जातं. उटी आणि कोडाईकनालला मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने ७ मे २०२४ पासून वाहनांना ई-पास लागतो, पासला पैसे नाहीत. माथेरानला २००३ पासून पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचं संरक्षण आहे आणि मोटारी वेशीबाहेरच थांबतात. महाग करून गर्दी कमी करणं हा आळशी उपाय आहे, कारण श्रीमंत माणूस गाडी घेऊन येतो आणि गाडीच सगळ्यात जास्त जागा खाते. येऊरला ठाणे स्टेशनवरून बसने येणाऱ्याला प्रवेश फुकट ठेवा, खाजगी गाडीला आकडा आणि शुल्क लावा. बोटीच्या दर फेरीत चार जागा महापालिका शाळांसाठी राखून ठेवा.

कुर्डू

बाटल्यांचं काय? निलगिरीत दारूच्या बाटलीवर १० रुपये जादा घेऊन बाटली परत केल्यावर ते परत देतात. येऊरला जमेल?

येऊरवाट

जमण्यासारखं आहे, कारण गाडीरस्ता एकच. नाक्यावर बाटल्या मोजायच्या, नगामागे ५० रुपये अनामत, परतताना बाटली दाखवली की पैसे परत. कागदी स्टिकर लावू नका, पावसात गळतात. पक्क्या शाईच्या पेनाने बाटलीवर पावतीचा आकडा लिहायचा. संध्याकाळी पाच ते सात सगळे एकदम उतरतात, म्हणून परताव्याची खिडकी प्रवेशाच्या खिडकीपासून वेगळी आणि दोन माणसांची हवी, नाहीतर रांगेला कंटाळून लोक बाटली झाडीत टाकतात आणि ५० रुपये सोडून देतात. न परतलेल्या अनामतीचे पैसे ठेकेदाराकडे गेले तर बाटल्या परत न येण्यातच त्याचा फायदा, हे विसरू नका. ते पैसे महिन्याच्या महिन्याला पाड्यांच्या सफाई गटाकडे गेले पाहिजेत, आणि नाक्याच्या भिंतीवर किती नग आत गेले, किती परत आले हे खडूने रोज लिहिलं पाहिजे.

पाणथळ

बोटीच्या पैशांसाठीही अशी भिंत हवी. दर्याकाठ, जून-जुलैच्या रोजंदारीसाठी तिकिटातला किती भाग पुरेल?

दर्याकाठ

टक्क्यांपासून सुरू करू नका, गरजेपासून मागे या. समजा बोटीवरची माणसं १६, पावसाळ्यातले कामाचे दिवस ४०, रोज ६०० रुपये. ३,८४,००० झाले. हंगामात वापरता येणारे दिवस १२० आणि दिवसाला ८० माणसं धरली तर ९,६०० तिकिटं. तिकिटामागे ४० रुपये. बोटी कमी भरल्या तर कमी पडतील, म्हणून ५० धरा आणि ते पहिल्या दिवसापासून सोसायटीच्या वेगळ्या खात्यात टाका. मे संपल्यावर उरलेल्यातून देऊ असं ठरवलं तर डिझेल आणि दुरुस्तीतच सगळं जातं.